हिमालयनची सीट, दीड तासाचं दुखणं आणि जेलचा मोह

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, तुमची उंची ५ फूट ६ इंच, वजन ८४ किलो. वहिनींना मागं घेऊन पुणे–गोवा करताना दीड तासात बूड दुखायला लागतं आणि सारखं टाकीकडे घसरायला होतं. ऑगस्टमध्ये वहिनींना घेऊन मनाली–लेह करायचं ठरलंय. नेटवर साडेसहा हजारांची जेल सीट, म्हणजे आत लिबलिबीत जेलचा पॅड असलेली, बघून ठेवली आहे, ती घ्यावी का? शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, 'एकटा असलो की अडीच तास सहज निघतात.' मला विचाराल तर अख्ख्या प्रश्नात हीच ओळ कामाची आहे. तिच्याकडे येतोच.

मी कोल्हापुरात सीटची कामं करतो. वडील ट्रॅक्टरच्या आणि जीपच्या सीटा करायचे, काथ्या भरून. मी गेली बावीस वर्षं दुचाकीच्या करतोय आणि स्वतःही फिरतो. त्यामुळे माझं मत थोडं कारागिराच्या बाजूला झुकणार, हे धरूनच वाचा. तयार सीट वाईटच असते असं मी म्हणत नाही. पण ती बनवणाऱ्यानं तुम्हाला पाहिलेलं नसतं, एवढं खरं.

दुकानात कुणी 'सीट दुखते' म्हणत आला की मी आधी विचारतो, नेमकं कुठं? बोटानं दाखवा. लोक लाजतात, पण त्याशिवाय पुढं जाता येत नाही. दोन्ही बाजूंना दोन ठिकाणी, आत हाडाशी जळजळल्यासारखं होत असेल तर ती बैठकीची हाडं. सगळं वजन त्या दोन टोकांवर येतं, तिथलं रक्त दबतं आणि दुखायला लागतं. पुढच्या बाजूला बधिरपणा येत असेल तर तुम्ही हाडांवर बसलेलेच नसता, घसरून मधल्या नाजूक भागावर आलेले असता. माकडहाड दुखत असेल तर पोक काढून बसायची सवय असते, किंवा सीटला मागून चढ असतो. आणि नुसतं कातडं सोलवटत असेल तर तो घामाचा आणि पँटच्या शिवणीचा मामला आहे, त्याला सीट बदलून काही होत नाही. जीन्सची ती जाड शिवण बरोबर नको तिथंच येते. सुती चड्डी बदलून सायकलवाल्यांची पॅडची घातली तर असल्या निम्म्या तक्रारी शे-पाचशे रुपयांत मिटतात.

एक मात्र आधीच सांगतो. गाडीवरून उतरल्यावर तासाभरानंतरही बधिरपणा जात नसेल, किंवा कळ पायातून खाली उतरत असेल, तर माझ्यासारख्याकडं येऊ नका, डॉक्टरांकडं जा. मणक्याचं दुखणं फोमनं झाकलं तर ते वाढतं.

तुम्ही 'बूड दुखतं' आणि 'टाकीकडं घसरतो' अशा दोन गोष्टी लिहिल्यात. या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत. घसरलेला माणूस दर दोन मिनिटांनी पायावर जोर देऊन मागं सरकतो, परत घसरतो. त्यात मांड्या ताठतात, मनगटांवर भार येतो आणि हाडं एका जागी ठरत नाहीत. तेव्हा तुम्हाला पुढं कोण ढकलतंय हे आधी शोधायचं. सीट किती मऊ हवी हा विचार त्यानंतरचा.

आता ती तुमची ओळ. मागं माणूस बसला की मागचा शॉक अॅब्सॉर्बर दबतो, गाडीचं नाक किंचित वर येतं. म्हणजे तुमच्या सीटचा पुढचा उतार कमी व्हायला हवा, आणि हिशोबानं वहिनी मागं असताना तुम्हाला घसरण कमी वाटायला हवी. तुमचं उलटं आहे. एकटे असता तेव्हा अडीच तास, दोघं असता तेव्हा दीड. याचा अर्थ निदान काही भाग तुमच्या सीटचा नाहीच, मागच्या सीटचा आहे. मागच्या माणसाला टेकायला काही नसलं आणि त्याची सीट पुढं उतरती असली, की दर ब्रेकला त्याचं वजन तुमच्या पाठीवर येतं आणि परत मागं जात नाही. शिवाय एकटे असता तेव्हा तुम्ही नकळत दोन इंच मागं-पुढं होत असता, फुटरेस्टवर उभे राहता, एका बाजूला कलून बसता. मागं कोणी बसलं की ही सगळी मोकळीक संपते. सीट तीच, पण तुम्ही एका जागी खिळलेले.

दोन वर्षांपूर्वी एक जोडपं याच गाडीवर आलं होतं, तक्रारही हीच. मी गाडीभोवती एक चक्कर मारली. कॅरियरवर मोठी बॅग बांधलेली, आणि ती पुढं येऊन मागच्या सीटची चांगली चार इंच जागा खात होती. म्हणजे बॅग बाईंना ढकलते, बाई नवऱ्याला ढकलते, नवरा टाकीवर. बॅग सोडली, मागं सरकवून आडवी बांधली, आणि त्यांना कागलपर्यंत जाऊन यायला सांगितलं. परत आले तेव्हा सीटचं काम करायचंय का हेच ते विसरून गेले होते. माझा धंदा गेला तो गेलाच, वर चहा मला पाजावा लागला. तुमची बॅग कुठं असते ते एकदा बघा. लेहला जाताना सामान वाढणार, तेव्हा तर नक्कीच.

बॅगचं झालं की मागची सीट. हिमालयनची सीट दोन तुकड्यांत येते, त्यामुळे मागची तेवढी वेगळी काढून करता येते, ही मोठी सोय आहे. मी तिचा पुढचा काठ अर्धा-पाऊण इंच उचलतो, म्हणजे एक छोटा बांध तयार होतो आणि वजन पुढं वाहत नाही. मागून कॅरियरला किंवा टॉप बॉक्सला टेकायला पॅड लावतो. बायकांचं बैठकीच्या हाडांमधलं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं, आणि मागची सीट नेमकी अरुंद असते. त्यामुळे शक्य तिथं ती बाजूंना रुंद करतो. वरचं रेक्झिन गुळगुळीत न घेता खरबरीत दाण्याचं घेतो. एवढं केल्यावर पुढच्या माणसाची तक्रार किती उरते ते बघायचं आणि मगच त्याच्या सीटला हात लावायचा.

तुमच्या स्वतःच्या सीटचा उतार घरीच तपासा. गाडी मेन स्टँडवर लावून मोजलं तर ते खोटं माप येतं, कारण चाकांवर उभी असताना गाडीचा कल वेगळा असतो. गाडी चाकांवर सरळ धरायला एकाला सांगा. दुसऱ्यानं सीटवर फूटभर सरळ पट्टी ठेवून तिच्यावर मोबाईलमधली कल दाखवणारी लेव्हल ठेवायची. किती अंश पुढं उतार आहे ते लिहून घ्या. मग मोबाईल टाकीखालच्या फ्रेमच्या नळीला टेकवा, तुम्ही दोघं सामानासकट बसा आणि नळीचा कल किती बदलतो ते बघा. तेवढे अंश आधीच्या आकड्यातून वजा. उरलेला उतार दोन अंशांच्या वर असेल तर तुम्ही घसरणारच, मग वर जेल घाला नाहीतर मखमल. उपाय सोपा आहे. सीटच्या पुढच्या अर्ध्या भागात फोमच्या खाली कडक फोमची पाचर घालायची. मागचा शॉक फारच कडक करून ठेवला असेल तर तोही थोडा सैल करून बघा, पण दोघं आणि सामान असताना फार सैल ठेवू नका, खड्ड्यात तळ लागेल.

आता फोम. इथं बाजारात सगळ्यात जास्त गोंधळ आहे. दुकानदार '४० डेन्सिटी, एकदम कडक' म्हणून सांगतो. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. त्यावरून फोम किती दिवस टिकेल याचा अंदाज येतो. कडकपणा ही निराळी गोष्ट आहे. जास्त डेन्सिटीचा मऊ फोमही मिळतो आणि कमी डेन्सिटीचा कडकही. कमी डेन्सिटीचा कडक फोम पहिला महिना छान वाटतो, पावसाळा संपेपर्यंत पापड होतो.

मऊ सीट दुकानात गोड वाटते, कारण आपण दोन मिनिटं बसतो. ८४ किलोचा माणूस दीड तास बसला की हाडांखालचा मऊ फोम पूर्ण दबतो आणि हाड थेट तळाच्या प्लॅस्टिकशी बोलायला लागतं. बाजूचा फोम मात्र वर उचललेला राहतो आणि मांडीच्या आतल्या बाजूला टोचतो. आपल्याकडं म्हातारी माणसं मऊ गादी टाकून सतरंजीवर का झोपतात, हे ज्याला कळलं त्याला सीट कळली. मीही एकदा हा मार खाल्लाय. सुरुवातीच्या काळात एका धिप्पाड गिऱ्हाइकाला हौसेनं दोन इंच मऊ फोम भरून दिला होता. गोव्याला जाऊन आला आणि दुकानाच्या दारातूनच मला ऐकवायला लागला. सीट उघडली तर हाडांच्या जागी दोन खड्डे पडले होते, मूठ बसेल एवढे.

म्हणून आता मी खाली इंचभर रिबॉन्डेड घेतो, तो चुऱ्याचा रंगीबेरंगी फोम. त्यावर इंच-दीड इंच चांगला ४० ते ५० डेन्सिटीचा मध्यम कडक, आणि सगळ्यात वर जेमतेम १०–१२ मिलिमीटरचा मऊ थर. मऊपणा तेवढाच पुरतो. चिकटवायचं सोल्युशन हाडांच्या जागी लावायचं नाही, कडेनं लावायचं. वाळल्यावर त्याचा कडक पापुद्रा होतो आणि मग 'आत काहीतरी टोचतंय' म्हणून लोक परत येतात.

तयार सीट घ्यायला गेलात तर हातानं दाबून बघू नका. हाताचा पंजा मोठा असतो, तो फसवतो. सीट जमिनीवर ठेवा, तिच्यावर एक गुडघा टेका, सगळं वजन त्या गुडघ्यावर टाका आणि मनात तीसपर्यंत आकडे मोजा. गुडघा बैठकीच्या हाडासारखाच दाबतो. तिसाच्या आत खाली तळ लागला तर ती सीट तुम्हाला गोव्यापर्यंत नेणार नाही.

आणि आकार. सीट रुंद हवी म्हणजे किती रुंद, हे अंदाजानं ठरवू नका. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घ्या, तो पायरीवर ठेवून त्यावर बसा, गुडघे थोडे वर घ्या, मिनिटभर थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खोलगट खुणा दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. पुरुषांचं माप बहुतेक वेळा १० ते १३ सेंटीमीटरच्या आसपास येतं. सीटचा सपाट भाग या मापाच्या दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन बोटं बाहेर जायला हवा. माझ्याकडं असले पुठ्ठे भिंतीला टांगलेले असतात, मागं गाडीचा नंबर लिहिलेला. बायको म्हणते शोभत नाही, पण गिऱ्हाईक ते बघूनच विश्वास ठेवतं.

रुंदी मागं हवी, पुढं नको. तुमची उंची ५ फूट ६ आणि हिमालयनची सीट ८०० मिलिमीटरवर. सीट पुढच्या बाजूला रुंद केली की मांड्या फाकतात आणि उंची न वाढवताही पाय जमिनीपासून लांब जातात. मनाली–लेहच्या वाटेवर ऑगस्टमध्ये दुपारनंतर नाल्यांना पाणी चढतं, खाली गोटे असतात, मागं वहिनी, वर सामान. तिथं पाय टेकला नाही तर सीट कितीही सुखाची असली तरी आडवं व्हायची पाळी येते. म्हणून तुमच्यासाठी अर्ध्या इंचापेक्षा जास्त उंची वाढवायला मी तयार होणार नाही, पुढचा भाग तर उलट थोडा तासूनच देईन. सहा फुटी माणसाला मी याच्या नेमकं उलट सांगतो. त्याचे गुडघे दुमडलेले असतात, त्याला इंचभर उंची म्हणजे वरदानच.

खोलगट, आपल्याला धरून ठेवणारी सीट दिसायला भारी असते. माझं म्हणाल तर लांबच्या प्रवासाला मला सपाट आवडते. खोलगट सीट तुम्हाला एकाच जागी बसवते, आणि ती जागा तुमची नसेल तर संपलं. यावर कारागिरांत वाद आहेत. पाठ दुखणाऱ्या काही जणांना खोलगटच मानवते, हेही मी बघितलंय.

आता जेल. जेल म्हणजे जादू नाही. ते दबत नाही, आजूबाजूला सरकतं आणि वजन थोडं पसरवतं. चांगला जाड पॅड, नीट खाच करून फोमच्या आत बसवलेला असेल तर हाडांच्या जळजळीला फरक पडतो. पण ते उष्णता धरतं. दुपारी हॉटेलबाहेर उन्हात गाडी लावून जेवायला गेलात तर परत येऊन पहिली दहा मिनिटं तव्यावर बसल्यासारखं होतं. आणि 'जेल सीट' नावाखाली काय येतं याचा भरवसा नाही. अशीच एक नेटवरून आलेली सीट माझ्या टेबलावर उघडली होती. आत स्वस्तातला पिवळा फोम, आणि त्यावर भाकरीएवढ्या जाडीची जेलची पट्टी, तीही हाडांच्या बरीच पुढं चिकटवलेली. तुम्ही बघितलेली तशीच असेल असं नाही, पण विकणारा सीट उघडून दाखवत नसेल आणि परत घेत नसेल, तर साडेसहा हजार लावू नका.

मेमरी फोम, म्हणजे अंगाच्या उबेनं आपला आकार घेणारा, त्याच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवणारच. लेहसाठी नको. थंडीत तो फळीसारखा होतो, उन्हात लोण्यासारखा. पहाटे त्या वाटेवरच्या सरचूच्या मुक्कामातून निघताना तुम्हाला ते कळेल, तेव्हा फार उशीर झालेला असेल.

हवेची गादी, म्हणजे सीटवर पट्ट्यानं बांधायची फुगवायची, तिला मात्र मी नावं ठेवत नाही. एका सफरीसाठी तो सगळ्यात शहाणपणाचा खर्च आहे. चूक एकच होते, लोक ती टम्म फुगवतात. मग चेंडूवर बसल्यासारखं डुलतं. फुगवायची, वर बसायचं आणि हाडं तळापासून जेमतेम बोटभर वर राहतील इतकी हवा सोडायची. मनालीत २,००० मीटरवर बेतानं भरलेली हवा टांगलांग ला खिंडीत ५,३०० मीटरवर आपोआप ताठ होते, कारण वर बाहेरचा दाब जवळपास एक तृतीयांशानं उतरलेला असतो. वेफर्सचं पाकीट तिथं फुगतं ना, तसंच. चढताना थोडी सोडायची, उतरल्यावर परत भरायची. वर फुंकताना दम लागतो, म्हणून छोटा पंप ठेवा.

पावसाचं एकच सांगतो. शिवण बसायच्या जागेवर नको, बाजूला हवी, आणि रेक्झिनच्या आत प्लॅस्टिकचा एक थर मागून घ्या. सुईच्या भोकांतून शिरलेलं पाणी फोम आठवडाभर सोडत नाही. कव्हर वाळलेलं दिसतं, बसलात की पँट ओली. जाळीचं कव्हर उन्हाळ्यात फार चांगलं, पण पावसात काढून बॅगेत टाका.

तर तुमच्या जागी मी काय करीन? जेल सीट आत्ता घेणार नाही. या शनिवारी बॅग मागं बांधून, शॉक बघून, वहिनींना घेऊन सातारा गाठून परत येईन. जाताना एकच गोष्ट मोजायची: निघाल्यापासून किती मिनिटांनी पहिली चुळबूळ केली. दोघांचीही, वेगवेगळी लिहायची. दुखणं आठवणीत कमी-जास्त होतं, चुळबुळीची वेळ खोटं बोलत नाही. पुढच्या शनिवारपर्यंत मागच्या सीटचं काम करून परत तोच रस्ता, तोच वेग. तोपर्यंत तुमचे आकडे दोन तासांच्या पुढं गेले तर तुमच्या सीटला फक्त उताराची पाचर आणि लेहसाठी हवेची गादी, एवढ्यात भागेल. नाही गेले तर पूर्ण फोम बदला. माझ्याकडं या कामाला अडीच ते साडेतीन हजार होतात, पुण्यात नाना पेठेच्या आसपास विचारून बघा, थोडं इकडं-तिकडं असेल. काम मात्र निघायच्या महिनाभर आधी झालेलं हवं. नवा फोम तीन-चारशे किलोमीटर बसल्याशिवाय खरा चेहरा दाखवत नाही, आणि मनालीत पोचून तो बघण्यात मजा नाही. जुना फोम फेकू नका, कारागिराकडून मागून घ्या. नवं जमलं नाही तर परत तोच घालता येतो.

पुठ्ठ्याचं माप, उताराचे अंश आणि जुन्या सीटचा वरून काढलेला एक फोटो टाका. रेक्झिन कुठं घासून चकचकीत झालंय त्यावरून तुम्ही खरे कुठं बसता ते दिसतं. मग कुठला फोम, किती आणि कुठं, ते सांगतो. आणि वहिनींनाही पुठ्ठ्यावर बसवा, त्यांचं माप वेगळं लिहा.